पाय गेलेल्या ऊसतोड मजुराची पुढची कमाई कोर्ट कशी मोजतं?

धारूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. भाऊ सातवी शिकलेला, लग्न झालेलं, दोन लेकरं. दिवाळीनंतर नवरा-बायको कोयत्यावर सांगली जिल्ह्यात जातात. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गावाकडं गवंड्याच्या हाताखाली काम, आणि घरची दीड एकर कोरडवाहू. जानेवारीत फडावरून अड्ड्याकडं रस्त्याच्या कडेनं येताना पिकअपनं उडवलं आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सरकारी दवाखान्याचं ६० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं आहे. शाळेच्या दाखल्यावर वय २९ येतं, आधारवर १ जानेवारी ही तारीख असल्यानं ३१ येतं. विमा कंपनीकडून आलेला माणूस म्हणतो, "पुढच्या कमाईसकट सगळे मिळून सात लाख, सही करा, कोर्टात दहा वर्षं जातील." ताई विचारतात की सात लाख बरोबर आहेत का, आणि पुढच्या कमाईचं नुकसान नेमकं काढतात कसं.

ताई, सही करू नका. आणि त्या माणसाला सरळ "नाही" म्हणण्याआधी एक काम करा, सात लाखांचा हिशेब कागदावर मागा. तो देणार नाही असं वाटतं, पण मराठवाड्यातल्या कोर्टांत अपघाताचे दावे चालवताना हे आकडे कसे बसवले जातात ते मी रोज बघतो, म्हणून अंदाज सांगतो. महिन्याची कमाई धरली ८,००० रुपये. वर्षाचे झाले ९६,०००. अपंगत्व ६० टक्के "पायाचं" आहे म्हणून सगळ्या शरीराचं निम्मं, म्हणजे ३० टक्के धरलं. त्याला १७ नं गुणलं. आले ४,८९,६००. त्यात दवाखान्याची दीडएक लाखाची बिलं आणि वेदनेपोटी पन्नास हजार घातले की सात लाखांच्या आसपास आकडा येतो.

यातला १७ बरोबर आहे. बाकी तिन्ही गोष्टी, म्हणजे कमाई, तिच्यात न धरलेली वाढ आणि अपंगत्वाचा टक्का, चूक आहेत, आणि त्या चुकांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. म्हणून एकेक सुटी करून सांगतो.

आधी सूत्र. जखमी माणसाच्या भविष्यातल्या कमाईचं नुकसान काढताना वर्षाची कमाई घ्यायची, तिच्यात पुढं होणारी वाढ मिळवायची, त्यातला किती हिस्सा अपघातानं गेला तो टक्क्यात काढायचा, आणि वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणायचं. अपघातात माणूस दगावला असेल तर त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी तिसरा किंवा चौथा हिस्सा वजा होतो. तुमचा भाऊ हयात आहे, त्याचं खाणंपिणं चालूच राहणार, म्हणून ही वजावट इथं लागत नाही. काही वेळा मांडवलीच्या कागदात ती हळूच घातलेली असते. दिसली तर लगेच खोडायला लावा.

गुणक १७ कुठून आला? सर्वोच्च न्यायालयानं २००९ च्या सरला वर्मा प्रकरणात वयाप्रमाणे तक्ता ठरवून दिला. १५ ते २५ वयाला १८, २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, असा तो उतरत जातो आणि साठीच्या पुढं ७ वर, मग ५ वर येतो. पुष्कळ लोक विचारतात, माझा माणूस साठीपर्यंत राबला असता, म्हणजे अजून ३१ वर्षं, मग १७ च का? कारण पुढच्या ३१ वर्षांचे पैसे आज एकदम हातात येतात. ते बँकेत ठेवले तर व्याज येतं, शिवाय आजारपण आणि बेकारी आयुष्यात असतेच. हे सगळं जमेस धरून वर्षं कमी केलेली आहेत. कंपनीनं गुणक आणखी कमी करा म्हटलं तर ऐकायचं नाही, तक्ता ठरलेला आहे.

म्हणून वयाचा कागद महत्त्वाचा. तुमच्या भावाच्या आधारवरची १ जानेवारी ही आपल्याकडं निम्म्या गावाची जन्मतारीख आहे, नोंदणी करताना तारीख माहीत नसली की तीच घातली गेली. आधारवरून वय ३१ धरलं तर गुणक १६ होतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरावा. तेव्हा सातवीच्या शाळेतून निर्गम उतारा काढा आणि दाव्यात तोच लावा. एका अंकाच्या फरकानं किती पैसे जातात ते पुढं हिशेबात दिसेल.

आता कमाई. आठ हजार कुठून काढले? कुठूनच नाही. मजुराकडं पगाराची पावती नसते, हे कंपनीला माहीत असतं, म्हणून एक लहान आकडा टाकला जातो. पण मजुरानं पगारपत्रक आणावं अशी अपेक्षा कायदा करत नाही. २०१४ च्या सय्यद सादिक प्रकरणात जखमी भाजी विकणारा होता, त्याचा उजवा पाय गेला होता, आणि महिना साडेसहा हजारांची कमाई सर्वोच्च न्यायालयानं कागदाशिवाय मान्य केली. अपघात २००८ चा होता, हे लक्षात घ्या. २०२१ मध्ये एका ट्रकचालकाच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं की पुरावा नाही म्हणून किमान वेतनाचा आकडा डोळे झाकून लावता येत नाही, थोडाफार अंदाज न्यायालयानं करायलाच हवा. पण अंदाजाला आधार द्यायचं काम आपलं आहे. तिथं वकील आणि घरचे कमी पडले की न्यायाधीशही काही करू शकत नाहीत.

ऊसतोड्याची कमाई महिन्यावर मांडायची नसते, वर्षावर मांडायची असते. हंगामाचे पाच महिने एका बाजूला, पट्टा पडल्यानंतरची गवंडीकामाची हजेरी दुसऱ्या बाजूला, आणि स्वतःच्या रानात घातलेली मेहनत तिसरी. तिन्ही स्वतंत्र लिहा, मग बेरीज करून बारानं भागा. हंगामाचं टनेज मजूर जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत असतं. काट्याच्या पावत्या गाडीच्या नावावर असल्या तरी त्या गाडीवर किती कोयते होते हे मुकादम आणि जोडीदार सांगू शकतात. उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून मिळालेली आगाऊ रक्कम, बँकेतून आली असेल तर पासबुकाचा उतारा काढा, स्टॅम्पवर लिहून घेतली असेल तर त्याची प्रत मिळवा. ग्रामसेवकानं दिलेलं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, बांधकाम कामगार मंडळाकडं नोंदणी असेल तर तो कागद, यातलं जे असेल ते सगळं. एकटा कोणताही कागद कमाई सिद्ध करत नाही, पण चार मिळून माणूस खरोखर हे काम करत होता हे पक्कं होतं. सरपंचाच्या लेटरपॅडवर "यांची कमाई पंचवीस हजार होती" असं लिहून आणू नका. उलटतपासात सरपंच टिकत नाही आणि त्याच्यासोबत तुमचं खरंही बुडतं.

उचलीबद्दल कंपनीचे वकील एक मुद्दा हमखास काढतात. म्हणतात, उचल हे कर्ज आहे, कमाई नाही. याचं उत्तर तयार ठेवा. मुकादम उचल देतो ती हे दोन हात किती टन तोडतील याचा हिशेब मनात धरून. ती मजुरीच आहे, फक्त आगाऊ दिलेली. ज्याला तोडणी जमत नाही त्याला कुणी उचल देत नाही. मुकादमाला साक्षीला आणलं तर एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून यायला हवं.

दुसरा मुद्दा कोयत्याचा. कोयता म्हणजे जोडी, आणि बिल जोडीचं निघतं. त्यातला निम्मा हिस्सा भावाचा धरला जाईल आणि ते योग्यच आहे, वहिनींची मेहनत त्यांची स्वतःची आहे. पण भावाचा पाय गेल्यानं वहिनींचंही जाणं थांबलंय. अर्ध्या कोयत्याला कोण घेतं, आणि घेतलं तरी घरी पडलेल्या माणसाला सोडून जायचं कसं? वहिनींच्या बुडालेल्या हंगामाची रक्कम भावाच्या कमाईत घालता येत नाही. मात्र त्या आज भावाची जी उठबस करतात, तिचं मोल "सेवा करणाऱ्याचा खर्च" या सदरात मागता येतं. घरच्या माणसानं केली म्हणून सेवा फुकट ठरत नाही. हे सदर आपल्याकडच्या कित्येक दाव्यांत रिकामं सोडलेलं बघतो तेव्हा फार वाईट वाटतं, कारण त्यात बायकांचे कष्ट असतात आणि ते कुणी लिहीतच नाही.

शेतीचं थोडक्यात. दीड एकर जमीन जागेवर आहे, तेव्हा तिचं सगळं उत्पन्न बुडालं असं म्हणता येणार नाही, न्यायालय ते मानत नाही. बुडाली ती स्वतः राबण्याची मेहनत. आता पाळी घालायला, फवारायला, काढायला मजूर लावावा लागतो. त्या मजुरीचा आकडा मागा, सोयाबीनच्या पट्टीचा नाही.

समजा असं सगळं मांडून कमाई महिना १२,००० रुपये सिद्ध झाली. आकडा मी उदाहरणासाठी घेतोय, तुमचा खरा आकडा पुराव्यावर ठरेल. वर्षाचे झाले १,४४,०००.

पुढची पायरी म्हणजे कमाईतली वाढ. २०१७ च्या प्रणय सेठी निकालात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ठरवून दिलं की कायम नोकरी नसलेल्या, स्वतःच्या धंद्यावर किंवा ठरावीक मजुरीवर जगणाऱ्या माणसाचं वय ४० च्या आत असेल तर कमाईत ४० टक्के मिळवायचे, ४० ते ५० मध्ये असेल तर २५ टक्के, ५० ते ६० मध्ये असेल तर १० टक्के. कायम नोकरीवाल्यांसाठी हेच आकडे ५०, ३० आणि १५ आहेत. प्रणय सेठी हे मृत्यूचं प्रकरण होतं, म्हणून जखमीला ही वाढ नाही असं कंपन्या बरेच दिवस म्हणत राहिल्या. तो वाद आता संपला आहे. २०१८ च्या जगदीश विरुद्ध मोहन प्रकरणात दोन्ही हात निकामी झालेल्या तरुण सुताराला ४० टक्के वाढ धरूनच भरपाई मिळाली, आणि २०२० च्या पप्पू देव यादव निकालानं जखमींनाही ही वाढ द्यायची हे निःसंदिग्ध केलं.

तरीही "मजुराची मजुरी कसली वाढते" असं कुणी म्हणालं तर तोडणीचाच दाखला द्या. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्क्यांची वाढ ठरली. भाऊ धडधाकट असता तर पुढची प्रत्येक दरवाढ त्याला मिळालीच असती. तेव्हा १,४४,००० चे ४० टक्के, म्हणजे ५७,६००, मिळवून वर्षाची कमाई २,०१,६०० धरायची.

आता सगळ्यात मोठा प्रश्न, आणि याच ठिकाणी बहुतेक दावे हरतात किंवा तरतात. प्रमाणपत्रावर ६० टक्के आहे. कमाईचं नुकसान किती टक्के?

डॉक्टर शरीराचं मोजतो. त्याच्या पुढ्यात तक्ता असतो, पाय कुठं कापला ते बघून तो टक्का लिहितो. गाव, जमीन, घमेलं, फड हे त्या तक्त्यात नसतं. कमाईची ताकद किती गेली हे ठरवायचं काम डॉक्टरचं नाही, ट्रिब्युनलचं, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचं आहे. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे अगदी उलगडून सांगितलंय. तिथं समजावण्यासाठी काही उदाहरणं दिली आहेत, त्यातली दोन शेजारी ठेवा. दोघांचं वय ३०, दोघांची कमाई महिना ३,०००, दोघांच्या कागदावर ६० टक्के. पहिला कामगार, अवयवाचं अपंगत्व ६० आणि सगळ्या शरीराचं ३०, पण नोकरी टिकली, फक्त खालच्या जागेवर घेतलं. त्याचं कमाईचं नुकसान धरलं १५ टक्के, रक्कम आली ९१,८००. दुसरा ड्रायव्हर, हात कापलेला, गाडी चालवता येईना म्हणून कामावरून काढला. त्याचं नुकसान धरलं ७५ टक्के, रक्कम आली ४,५९,०००. फरक पडला तो कामामुळं.

तुमच्या प्रकरणाला याहून जवळचा निकाल २०१२ चा मोहन सोनी हा आहे. हातगाडी ओढणारा पन्नाशीपुढचा माणूस, डावा पाय कापला गेला, प्रमाणपत्र ६० टक्क्यांचं. खालच्या कोर्टानं ५० टक्के धरले. सर्वोच्च न्यायालयानं ते ९० केले. निकालात म्हटलंय की अल्पभूधारक शेतकरी किंवा सायकलरिक्षा ओढणाऱ्याचा पाय गेला तर कमाईच्या दृष्टीनं त्याचा रस्ताच संपतो, कचेरीत टेबलावर बसून काम करणाऱ्यावर मात्र तेवढा परिणाम होईलच असं नाही. मराठवाड्यातल्या प्रत्येक ट्रिब्युनलपुढं हा उतारा वाचून दाखवावा असा आहे.

पण निकाल दाखवून भागत नाही. न्यायाधीशांपुढं काम उभं करावं लागतं. तोडणी म्हणजे नेमकं काय, हे ज्यानं फड पाहिला नाही त्याला ठाऊक नसतं. खाली वाकून, जवळजवळ उकिडवं होऊन जमिनीलगत कोयता मारायचा. पाचट काढायचं, वाढं तोडायचं, मोळी बांधायची. मग ती मोळी डोक्यावर घेऊन, उभ्या फळीवरून चढून गाडीत टाकायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. पाणी दिलेल्या काळ्या रानात धडधाकट माणसाचा पाय घोट्यापर्यंत रुततो, तिथं कृत्रिम पाय काय करणार? गवंड्याच्या हाताखालीही तेच, घमेलं घेऊन परांचीवर चढायचं. आणि स्वतःच्या शेतात औताच्या मागं चालायचं. या तिन्ही कामांत दोन्ही पायांचा जोर लागतो. हे भावानं आपल्या शपथपत्रात स्वतःच्या शब्दांत लिहावं. "मी काम करू शकत नाही" हे एक ओळीचं वाक्य वाया जातं. कोणतं काम, त्यात शरीर कसं लागतं, आता काय होत नाही, असं लिहिलं की त्याला वजन येतं. सोबतचा एखादा तोडकरी साक्षीला आला तर उत्तम.

डॉक्टरांची साक्ष टाळू नका. शक्यतो ज्यांनी ऑपरेशन केलं तेच डॉक्टर बोलवा. ते बदलून गेले असतील तर ज्या मंडळानं प्रमाणपत्र दिलं त्यातल्या डॉक्टरांना समन्स काढता येतं. नुसतं प्रमाणपत्र जोडलं आणि डॉक्टर आलेच नाहीत, तर कंपनीला "हा कागद सिद्ध झालेला नाही" म्हणायला जागा मिळते. आणि उपचार न करता कुणी तयार करून दिलेली प्रमाणपत्रं न्यायालयं संशयानं बघतात. डॉक्टरांना टक्का विचारून थांबू नका. उकिडवं बसता येईल का, डोक्यावर पंचवीस-तीस किलो घेऊन उंचावर चढता येईल का, ओल्या रानात चालता येईल का, सलग किती वेळ उभं राहता येईल, मांडीच्या किंवा खुंटाच्या कातडीला जखमा होतात का, हे विचारायचं. ही उत्तरं रेकॉर्डवर आली की ६० टक्क्यांचा कागद आणि कमाईचं नुकसान यांच्यातला दुवा जोडला जातो.

समोरचे वकील विचारतील, "बसून काहीतरी करता येईल की, किराणा टाकता येईल, शिलाई मशीन चालवता येईल." हा प्रश्न रास्त आहे. माणूस दुसरं काम करू शकतो का हे ट्रिब्युनलनं बघायचंच असतं. म्हणून त्याचं उत्तर पुराव्यानं द्या. शिक्षण सातवी, आयुष्यभर अंगमेहनत, गावात अगोदरच किती दुकानं आहेत, भांडवल कुठून येणार, उचल अजून फिटायची आहे. ही परिस्थिती मांडली तर ८० ते ९० टक्क्यांची मागणी पूर्ण योग्य ठरते. १०० टक्केही मागता येतील. जगदीश प्रकरणात प्रमाणपत्र ९० टक्क्यांचं असताना न्यायालयानं नुकसान १०० धरलं, पण तिथं दोन्ही हात गेले होते. एक पाय, तोही गुडघ्याखाली, हात शाबूत, वय २९, असं असताना १०० मिळतीलच असं मी तुम्हाला खोटं आश्वासन देणार नाही. माझ्या मते ८० टक्के हा या परिस्थितीत भक्कम पायावर उभा राहणारा आकडा आहे. पप्पू देव यादव प्रकरणात कॉम्प्युटरवर माहिती भरणाऱ्या विशीतल्या मुलाचा हात गेला, प्रमाणपत्र ८९ टक्क्यांचं होतं, उच्च न्यायालयानं नुकसान ४५ धरलं आणि सर्वोच्च न्यायालयानं ६५ केलं. म्हणजे प्रमाणपत्रापेक्षा नुकसान कमीही येऊ शकतं. "पायाचं आहे म्हणून निम्मं करा" असा सरधोपट नियम मात्र कुठंही नाही.

आता हिशेब पुरा करू. २,०१,६०० चे ८० टक्के म्हणजे १,६१,२८०. गुणिले १७. आले २७,४१,७६०. कंपनीच्या हिशेबात या एकाच सदराखाली ४,८९,६०० होते. कमाई दीडपट, वाढ १.४ पट, टक्का ३० चा ८०, या तिन्हींचा गुणाकार होऊन रक्कम ५.६ पट झाली. ट्रिब्युनलनं नुकसान ६० च टक्के धरलं तरी २०,५६,३२० येतात. आणि आधारवरचं वय धरून गुणक १६ झाला तर एका फटक्यात १,६१,२८० रुपये कमी होतात. त्या शाळेच्या दाखल्यासाठी एक चक्कर मारायला हरकत नाही.

ही फक्त पुढच्या कमाईची रक्कम. तिच्याशिवाय आणखी सदरं असतात आणि ती वेगळी मिळतात. उपचार चालू असताना बुडालेली प्रत्यक्ष कमाई, समजा आठ महिने, म्हणजे ९६,०००. औषधं आणि दवाखान्याची बिलं, प्रवास, पौष्टिक आहार, सेवा करणाऱ्याचा खर्च, वेदना, आणि आयुष्यातल्या ज्या गोष्टी आता करता येणार नाहीत त्याबद्दलची रक्कम. कृत्रिम पायाचं सदर विसरू नका. पाय एकदा बसवला की जन्मभर पुरत नाही, काही वर्षांनी बदलावा लागतो आणि मध्ये दुरुस्ती असते. पाय बनवणाऱ्या केंद्राचं लेखी दरपत्रक घ्या, तो किती वर्षं टिकतो हे त्यावर लिहून घ्या, आणि २९ व्या वर्षापासून किती वेळा बदलावा लागेल ते मांडा. या सगळ्यावर दावा दाखल केल्याच्या तारखेपासून व्याज मिळतं, सहसा वर्षाला ६ ते ९ टक्के, फक्त भविष्यातल्या उपचारखर्चावर बहुधा दिलं जात नाही. म्हणून "कोर्टात वर्षं जातील" ही भीती पूर्ण खरी नाही. वर्षं जातात, पण रक्कम तेवढ्या काळात वाढतही असते.

शेतकऱ्यांसाठीची गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना यापासून वेगळी आहे. एक अवयव निकामी झाला तर तीत १ लाख मिळतात. सातबारा भावाच्या किंवा घरातल्यांच्या नावावर असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं तो अर्जही लगेच करा.

असाच अपघात वहिनींना झाला असता तर? हे विचारलेलं नाही, पण सांगतो, कारण वाचणाऱ्यांत अशा घरातले लोक असतील. हिशेब अगदी हाच. कोयत्यातला निम्मा हिस्सा तिचा आहे, त्यावर ४० टक्के वाढ आहे, तोच गुणक आहे. शिवाय तिच्या घरकामाचं मोल वेगळं. २०२१ च्या कीर्ती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या कामाला मोल आणि त्यावर भविष्यातली वाढ, दोन्ही मान्य केलं आहे. बाई आहे म्हणून कमाई "मदतीची" असं लिहू देऊ नका.

आता प्रत्यक्ष करायचं ते. अपघात सांगली जिल्ह्यात झाला म्हणून दावा तिकडं नेण्याची गरज नाही. जखमी जिथं राहतो तिथल्या ट्रिब्युनलपुढंही तो चालतो, म्हणजे तुम्हाला आपल्या जिल्ह्यातच दाखल करता येईल. कायद्यातल्या दुरुस्तीनं १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांत दावा दाखल करायचा आहे. अपघात जानेवारीतला, तेव्हा जुलै उजाडायची वाट बघू नका. एखादा कागद यायचा राहिला तर तो नंतर जोडता येतो, दावा आधी दाखल होऊ द्या. तिकडच्या पोलीस ठाण्यातून फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, पिकअपचं नोंदणीपत्र, विमा पॉलिसी, चालकाचा परवाना आणि पोलिसांनी तयार केलेला तपशीलवार अपघात अहवाल यांच्या प्रती घ्या. पंचनाम्यात भाऊ रस्त्याच्या कडेला होता की मध्ये, हे कसं लिहिलंय ते नीट वाचा. "त्याचीही चूक होती" असं ठरलं तर सगळ्या रकमेतून तेवढे टक्के कापले जातात.

भाऊ कामावरून परतताना अपघात झाला, म्हणून कामगार नुकसानभरपाईचा मार्गही कुणी सुचवेल. दोन्ही मार्ग एकाच वेळी मिळत नाहीत, एक निवडावा लागतो. कामगार नुकसानभरपाईत मजुरीवर मर्यादा असते आणि भविष्यातली वाढ धरत नाहीत. तुमच्या बाबतीत पिकअपचा विमा चालू असेल तर मोटार अपघाताचाच दावा करा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. अपंग व्यक्तीला तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. "रकमेत इतके टक्के द्या, सगळं करून देतो" म्हणत दवाखान्यात फिरणाऱ्यांच्या हाती मूळ कागद देऊ नका, कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही तर मुळीच नको.

मांडवलीला माझा विरोध नाही. लोकअदालतीत रास्त रक्कम मिळत असेल तर दोन-चार वर्षं वाचतात, घर सावरतं. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही, एकदा सही झाली की रस्ता बंद. म्हणून तिथं जाताना वरचा हिशेब वहीत लिहून न्या आणि प्रत्येक सदराचा आकडा समोर ठेवून बोला. कमाई, वाढ, टक्का आणि गुणक या चारपैकी कुठला आकडा ते कमी करतायत आणि का, हे त्यांना सांगायला लावा. समाधान झालं नाही तर दावा चालू द्या. ट्रिब्युनलच्या निकालातही रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात वाढीव भरपाईसाठी अपील करता येतं.